मेनॲफ्रिव्हॅक

मेनॲफ्रिव्हॅक ही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने तयार केलेली संयुग्मित लस आहे. 'अ' गटाच्या मेनिंगोकॉकस जीवाणूमुळे होणाऱ्या मस्तिष्कावरणशोथापासून (मेंदूच्या आवरणाची सूज) ती संरक्षण देते. १९९६-९७ च्या साथीत आफ्रिकेत सुमारे २५,००० माणसे दगावली. तेथील देशांना परवडण्यासाठी लसीची मात्रा ५० अमेरिकी सेंटच्या आत मिळणे आवश्यक होते.

जीवाणूच्या वेष्टनातील बहुशर्करा (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) एकटीच टोचल्यास तान्ह्या मुलांत टिकाऊ प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. म्हणून ती धनुर्वाताच्या टॉक्सॉइडशी, म्हणजे निर्विष केलेल्या प्रथिनाशी, रासायनिक बंधाने जोडली जाते. खर्च वाढतो तो मुख्यतः या टप्प्यावर. रूढ पद्धतीत बहुशर्करेवरील अल्डिहाइड गट प्रथिनातील अमाइन गटांशी संथपणे जुळतात. बरीच बहुशर्करा न जुळताच उरते आणि ती गाळून वेगळी करावी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील ली आणि फ्रॅश यांनी टॉक्सॉइडवर आधी हायड्रॅझाइड गट बसवले. हे गट अल्डिहाइडशी वेगाने जुळत असल्याने तेवढ्याच कच्च्या मालातून अधिक मात्रा मिळतात. जागतिक आरोग्य संघटना व पाथ यांच्या संयुक्त प्रकल्पातून हे तंत्र पुण्यास देण्यात आले. प्रयोगशाळेतील ही अभिक्रिया कारखान्याच्या प्रमाणावर नेण्याचे काम तेथे झाले.

डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोतून लसीकरण मोहीम सुरू झाली. ठरलेली किंमतमर्यादा पाळली गेली. २०१७ नंतर आफ्रिकेच्या मस्तिष्कावरणशोथ पट्ट्यात 'अ' गटाचा एकही निश्चित रुग्ण नोंदला गेलेला नाही.