जुन्या खुराड्यांत नवीं पिलें

परसांतील कोंबड्या ही बाब लहान दिसते, म्हणून तिचा विचारहि लहानच होतो. बैल घ्यावयाचा झाल्यास आपण चार बाजार पालथे घालतों, दांत पाहतों, चाल पाहतों, जाणत्यास विचारितों. परंतु आठवड्याच्या बाजारांतून डझनभर पिलें आणिलीं म्हणजे तीं त्याच सायंकाळीं डालग्यांतून काढून जुन्या कोंबड्यांत सोडतों व निश्चिंतपणें जेवावयास बसतों. या निश्चिंतपणाची किंमत आम्हीं स्वतः भरली आहे. ती इतरांस भरावी लागूं नये, एवढाच या लेखाचा हेतु.

आमच्या परसांत 14 कोंबड्या व एक कोंबडा होता. अंड्यांचा पैसा सूनबाईंच्या हातीं राही व त्यांतून नातवंडांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागे. एका ज्येष्ठांत आम्हीं 12 पिलें आणून तिन्हीसांजेस त्यांच्यांत सोडलीं. दुसरे दिवशीं सकाळीं दोन पिलांचीं डोकीं टोंचून सोललेलीं आढळलीं. दुपारपर्यंत तीं मेलीं. उरलेलीं दहा कोपऱ्यांत एकमेकांवर रचून बसत. दाण्यापाशीं जावें तों टोंच बसे. खरा अनर्थ पुढेंच होता. नवव्या दिवशीं त्यांतील एक पिलूं मान मुरगळून गरगर फिरूं लागलें, विष्ठा हिरवट व पातळ होऊं लागली. पंधरवड्यांत नव्यांपैकीं आणखी 7 व जुन्यांपैकीं 9 पांखरें गेलीं. 27 चीं 9 उरलीं. तेलहि गेलें, तूपहि गेलें. विकणाऱ्यास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. चूक आमच्या उतावळेपणाची होती.

यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं नव्या पिलांच्या प्रवेशांत दोन भयें असतात. एक रोगाचें, दुसरें टोंचीचें. टोंच डोळ्यांस दिसते म्हणून तिच्याकडे लक्ष जातें. रोग दिसत नाहीं आणि तोच अधिक घात करितो. म्हणून त्याचा विचार प्रथम.

कोंबड्यांची मानमोडी, जिला राणीखेत म्हणतात, तिला हें नांव कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत या गांवावरून मिळालें. तेथें 1927 सालीं हा रोग ओळखण्यांत आला. रोग जडल्यापासून तो अंगावर दिसेपर्यंत कांहीं दिवस जातात, क्वचित् पंधरवडाहि लोटतो. म्हणजे बाजारांत तरतरीत दिसणारें पिलूं निरोगीच असेल असें नाहीं. पांखरांच्या सांथी किती महाग पडतात हें आपल्या प्रांतास ठाऊक आहे. 2006 च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें पक्ष्यांचा ताप आढळला तेव्हां तेथील कोंबड्या मोठ्या संख्येनें नष्ट कराव्या लागल्या.

यास्तव नवीं पिलें आणल्यावर निदान तीन ते चार आठवडे निराळ्या जागीं, शक्य तितक्या अंतरावर, ठेवावीं. त्यांचीं पाण्याचीं व दाण्याचीं भांडीं वेगळीं असावींत. दाणापाणी आधीं जुन्यांस व मग नव्यांस द्यावें, आणि परततांना हातपाय व वाहणा धुवाव्यात. पिलें सुस्त होतात काय, शिंकतात काय, विष्ठेंत रक्त दिसतें काय, पिसांखालीं उवा व गोचीड आहेत काय, हें रोज पाहावें. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत अगर नाकांत थेंब टाकून देतात. सुमारें आठव्या आठवड्यास तिची टोंचणी करितात. विकत घेतलेल्या पिलांस पूर्वीं काय दिलें तें विचारून घ्यावें व पशुवैद्याच्या सल्ल्यानें उरलेलें पुरें करावें. जुन्या कोंबड्यांचीहि टोंचणी त्याच वेळीं व्हावी. आम्हीं ती केली नव्हती, म्हणूनच नऊ गमावलीं. लस बर्फांत ठेवून आणावी, उन्हांत नेऊं नये, आणि आजारी पांखरास देऊं नये.

आतां टोंचीविषयीं. कोंबड्यांत मानपान कडक असतो. कोणी कोणास टोंचावें व कोणी मुकाट्यानें बाजूस व्हावें हें त्यांच्यांत ठरलेलें असतें. शेल्डेरुप-एब्बे नांवाच्या नॉर्वेच्या गृहस्थांनीं लहानपणापासून कोंबड्यांचें निरीक्षण करून ही गोष्ट 1922 सालीं विद्वानांपुढें मांडली. आपल्या घरोघरच्या बायांस ती पूर्वींपासून माहीत आहे. नवें पांखरूं आलें कीं ही सारी उतरंड पुन्हां लावावी लागते, आणि ती टोंचीनेंच लागते. म्हणून थोडी टोंचाटोंची चालावयाचीच. ती बंद पाडणें आपल्या हातीं नाहीं. ती जिवावर बेतूं न देणें आपल्या हातीं आहे.

सात-बाऱ्यावर नवें नांव लागण्यापूर्वीं फेरफाराची नोटीस निघते व हरकतीसाठीं 15 दिवसांची मुदत असते. कोंबड्यांसहि तशीच मुदत द्यावी. अलग ठेवण्याचे दिवस संपले कीं जुन्यांच्या आवारांतच जाळीचा आडपडदा करून नवीं पिलें दहा-पंधरा दिवस त्यामागें ठेवावीं. परस्परांस दिसावें, ऐकूं यावें, परंतु चोंच पोंचूं नये. जाळीच्या दोहों अंगांस जवळजवळ दाणा टाकावा, म्हणजे शेजारीं बसून खाण्याची संवय लागते.

यानंतरच एकत्र सोडावें, आणि तेव्हां पुढील गोष्टी पाहाव्या. पिलें दहा-बारा आठवड्यांचीं व अंगानें जुन्यांच्या जवळपास आलेलीं असावीं. एकटें पिलूं कधीं सोडूं नये. तीन-चार तरी असावीं, म्हणजे टोंच वांटली जाते. प्रथम दिवसा मोकळ्या परसांत तासदोन तास, आपण समोर बसून, सोडावें व मग वेळ वाढवावा. दाण्यापाण्याच्या जागा तीन-चार कराव्या, कारण बलिष्ठ कोंबडी एकाच जागेवर पहारा करूं शकते. काट्याकुट्यांचे भारे, उलट्या टोपल्या, फळ्या यांचे आडोसे ठेवावे. मात्र प्रत्येक आडोशास दोन वाटा असाव्या. एकच वाट असलेला आडोसा म्हणजे सांपळाच होय.

रात्रीं दांडीवर गुपचूप बसवून दिलें कीं सकाळीं जुन्या ओळखत नाहींत, असें पुष्कळ सांगतात. अंधारांत भांडण होत नाहीं हें खरें. पण उजाडतांच ओळख पटते. म्हणून ही युक्ति जाळीच्या मुदतीनंतरच करावी, आणि त्या पहाटे खुराड्याचें दार आपण स्वतः उघडावें. बंद खुराड्यांत उजेड झाला व दार उघडणारा झोपला, कीं आमच्या त्या दोन पिलांची गत होते.

रक्त दिसतांच ते पांखरूं तत्क्षणीं वेगळें करावें. लाल रंग पाहिला कीं इतरहि तेथेंच टोंचतात. जखम धुवून औषध लावावें व ती भरल्यावर, शक्यतों एका सोबतिणीसह, परत सोडावें. एकच कोंबडी सर्वांचा छळ करीत असेल तर तिलाच चार दिवस बाहेर ठेवावें. परत येतांना तिचा तोरा उतरलेला असतो.

खाद्याविषयीं एक सूचना. अंडीं देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यांत शेंकडा 3 ते 4 भाग चुना असतो; वाढत्या पिलांस शेंकडा 1 च्या सुमारास पुरतो, व जास्त झाल्यास त्यांच्या मूत्रपिंडांस बाधतो. म्हणून एकत्र असतांना सर्वांस वाढीचेंच खाद्य द्यावें व शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यांत ठेवावा. जिला हवा ती कोंबडी खाते.

घरीं खुडूक कोंबडी असल्यास ही यातायात पुष्कळ वांचते. तिच्याखालीं 21 दिवसांत निघालेल्या पिलांस ती स्वतःच कळपांत फिरवते आणि कोणाची चोंच लागूं देत नाहीं.

पुढील वर्षीं आम्हीं दहा तलंगा आणून वरील क्रम पाळला. सुमारें आठ आठवडे लागले. एक मुंगसानें नेली, नऊ राहिल्या. मार्गशीर्षांत पहिलें अंडें सांपडलें तें सूनबाईंनीं आम्हांस दाखविलें, पण हातीं दिलें नाहीं. हिशेब पुन्हां त्यांच्याकडे गेला होता. आठ आठवड्यांचा धीर महाग वाटतो खरा. परंतु पंधरवड्यांत अठरा पांखरें पुरण्यापेक्षां तो स्वस्तच आहे.