पोटातली कळ आणि ओव्याचा अर्क

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कसबा पेठेतल्या एक आजी बारा वर्षांच्या नातवाला घेऊन सकाळीच दवाखान्यात आल्या. "काल दुपारपासून पोटात कळा येतायत, डॉक्टर. ओव्याचा अर्क दोनदा पाजला. रात्री जरा बरं वाटलं, आता पुन्हा दुखतंय." मुलाला ताप होता. बेंबीजवळचे दुखणे उजवीकडे खाली सरकले होते आणि तिथे हात लावताच तो कळवळला. अपेंडिक्सला सूज होती. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. ते फुटण्याच्या बेतात होते. मुलगा वाचला.

टाके काढल्यावर आजींनी विचारले, "मग ओवा खोटा का हो?"

ओवा खोटा नाही. पण तो काय करतो आणि काय करत नाही, हे समजून घ्यायला हवे.

साधारण १९९० च्या सुमारास बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना आम्ही औषधशास्त्राचे एक प्रात्यक्षिक करत असू. गिनीपिगच्या आतड्याचा लहानसा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचा, त्यात हवेचे बुडबुडे सोडायचे. असा तुकडा शरीराबाहेरही तासन्‌तास काम करतो, हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ मॅग्नस यांनी १९०४ साली दाखवले होते. तुकड्याला दोऱ्याने एक काडी जोडलेली असे. ॲसिटिलकोलीनचे थेंब टाकले की आतडे आखडे आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ वर जाई. आधी ॲट्रोपीन टाकले तर ती जेमतेम हलत असे. आता विद्यार्थ्यांना हाच प्रयोग संगणकावर दाखवतात.

वनस्पतीचा अर्क तपासण्याची पद्धतही हीच. कराचीच्या आगा खान विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली ओव्यावर असे काम प्रसिद्ध केले. आखडलेले आतडे ओव्याच्या अर्काने सैल पडले. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम शिरले की तो आखडतो; अर्क ती वाटच अडवतो, असे त्यांना दिसले. आपल्या कुड्यावरही तिथे काम झाले. त्याचा अर्क आतड्याला आखडवतोही आणि सैलही करतो, असे आढळले. एकाच झाडात अनेक द्रव्ये असतात, ती अशी.

मात्र आतडे सैल पडले एवढ्यावर औषध सिद्ध होत नाही. विषाने मेलेला स्नायूही सैलच पडतो! म्हणून अर्क धुऊन टाकून आतडे पुन्हा पहिल्यासारखे आखडते का, ते पाहावे लागते. अर्क ज्या अल्कोहोलमध्ये काढला, तेच हा परिणाम करत नाही ना, हेही तपासावे लागते. शिवाय काचपात्रात अर्क थेट स्नायूला भिडतो. पोटात घेतलेला अर्क जठर, पचन आणि यकृत यांतून जातो. किती पोचतो ते वेगळेच.

आणि सर्वांत महत्त्वाचे, काचपात्रातल्या तुकड्याला अपेंडिक्स नसते. ओव्याने पेटक्याची कळ कमी होऊ शकते, अपेंडिक्सची सूज उतरत नाही. कळ थांबली म्हणजे रोग गेला, असे धरून चालू नका. कधी कधी अपेंडिक्स फुटल्यावरही थोडा वेळ दुखणे कमी होते आणि घरचे निर्धास्त होतात.

जड जेवणानंतर पोट गुबारले तर चिमूटभर ओवा आणि कोमट पाणी जरूर घ्या. पण दुखणे काही तासांत थांबले नाही, ताप किंवा वारंवार उलट्या झाल्या, दुखणे उजवीकडे खाली सरकले, पोट कडक झाले, शौचातून रक्त गेले किंवा शौच-वारा बंद झाला, तर घरगुती उपाय थांबवा. एरंडेल किंवा दुसरे रेचक मुळीच देऊ नका. सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते. रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे न्या आणि काय पाजले, किती वाजता पाजले, ते न लाजता सांगा. त्या आजींनी ते सांगितले, म्हणूनच रात्रीच्या 'बरे वाटण्याने' मी फसलो नाही.