बारा मिनिटं पुढे

पाचला दहा कमी आहेत. देवासला मामेभावाकडे हॉलमधल्या दिवाणावर मी झोपेचं सोंग घेऊन पडले आहे. स्वयंपाकघरात दिवा लागतो. तिथल्या घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं झालेली. माझ्या डोक्यावरच्या घड्याळात अजून चार पन्नासच.

"ते बारा मिनिटं पुढे ठेवलंय," वहिनींनी काल रात्रीच सांगितलंय. "हॉलमधलं तुमच्या दादाचं. ते बरोबर चालतं."

एका घरात दोन वेळा चालण्याचं देवासला कुणाला नवल वाटू नये. पवार भावाभावांत थोरली पाती आणि धाकटी पाती झाली, १८४१ मध्ये राज्याची रीतसर वाटणी झाली, आणि एवढ्याशा गावात दोन महाराज, दोन राजवाडे, दोन दरबार नांदले. टेकडीवर देव्यासुद्धा दोन, मोठी माता आणि छोटी माता.

"नळ येऊन राहिले!" वहिनी म्हणतात. कुणाला उद्देशून नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. पाणी एक दिवसाआड, आज पाळी आहे. मोटर घुरघुरू लागते. पाइपचं तोंड ड्रममध्ये, एका शेगडीवर चहा, दुसरीवर बटाट्यांचा कुकर, परातीत कणीक. दर दोन-तीन मिनिटांनी कणकेचा हात तसाच धरून त्या मोरीत जातात, कोपरानं पाइप पुढच्या पिंपात ढकलतात आणि परत येतात. पाइपवर कणकेचा एक पांढरा पट्टा वाळून बसलाय, जुना, थरांचा. मामी देवघरापाशी बसल्या बसल्या म्हणते, "आमच्या वेळी तर देवासला रेल्वेनं पाणी यायचं." वहिनी "हो आई" म्हणतात आणि गुडघ्याच्या गोळीबरोबर पाण्याचं भांडं तिच्यापुढे ठेवतात.

मी वही काढते. सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात असतात तसे खण त्यात आखून आणलेत: पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार, अर्ध्या अर्ध्या तासाचे. देशात हा प्रयोग पहिल्यांदा १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाला, त्यात मध्य प्रदेश होता. २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात गेलेली दिसतात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. आता पाच ते साडेपाचच्या खणात मी लिहिते: नळ, चहा, कुकर, कणीक, गोळी, युनिफॉर्मला इस्त्री. समासात जाते. तरी 'शाळेच्या ग्रुपवरचा मेसेज वाचला' राहिलंच. दादाच्या खणात एक शब्द, झोप. अक्षरही सुरेख आलंय.

सहाला दादा उठतो. चहा, मोबाइल. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. सव्वासातला चौकात कंपनीची बस येते. साडेसहाला तो हॉलमध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवतो आणि हाक मारतो, "चला, वायंडिंग!"

नऊ वर्षांची लेक कंगवा आणि लाल रिबिनी घेऊन समोर येऊन बसते. शाळेत दोन वेण्या सक्तीच्या. दादा कंगव्याच्या टोकानं मधोमध भांग पाडतो, डोकं मागे घेऊन एक डोळा मिटून बघतो, पुसतो, पुन्हा पाडतो. मग तीन पेड. मोटरच्या तारा गुंडाळून गुंडाळून जाड झालेल्या बोटांत ते केस निसटतात. रिबीन तो दातात धरतो. "पप्पा, ओढू नका." "ढिली ठेवली तर शाळेपर्यंत टिकेल का?" हे काम तो २०२० च्या लॉकडाउनमध्ये शिकला, कारखाना बंद होता तेव्हा. कारखाना उघडल्यावर बाकीची शिकलेली कामं, म्हणजे भांडी आणि भाजी निवडणं, हळूहळू गळाली. वेण्या राहिल्या. एक कानाच्या वर, एक कानाच्या खाली, तरी घट्ट.

"बघा, केवढी मदत करतो," मामी मला सांगते. कौतुक खरं आहे आणि वेण्याही खऱ्या आहेत. पण आतून चार टिफिनांची झाकणं एकामागून एक लागल्याचा आवाज येतो, त्यावर कुणीच काही बोलत नाही. मीही नाही, माझा चौथा डबा त्यातच आहे.

सव्वासातला दादा जातो. त्याच्या पुढच्या अकरा तासांना मला एक कंस पुरतो: कामावर. वहिनीही कामावरच जातात, खासगी शाळेत शिकवायला. पण त्यांचा कंस जागोजागी फुटतो. मधल्या सुट्टीत गॅसचा नंबर लावणं, मामीच्या डॉक्टरला फोन. स्कूटीवर लेकीला मागे बसवून त्या निघतात. याच गावात १९४८ पासून कुमार गंधर्व क्षयानं अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या पत्नी भानुमतीबाई शाळेत शिकवून घर चालवत आणि घरी येऊन शुश्रूषा करत. कुमारांच्या त्या वर्षांवर, खिडकीतून कानावर पडलेल्या माळवी गाण्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. बाईंच्या दिवसाचे खण कुणी आखले असतील तर माझ्या वाचनात नाहीत.

दुपारी धारहून वहिनींच्या बहिणीचा फोन येतो. स्पीकरवर ठेवून आम्ही मटार सोलतो. तिचा नवरा पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात, शिफ्ट दर आठवड्याला बदलते.

"या हप्त्यात सेकंड आहे, म्हणून सकाळी पोराला तेच सोडतात. पोहेही करतात, जीरावन घालून!"

"आणि नाइटला?"

"नाइटला काय, दिवसभर झोपतात. मग मी कुकर लावत नाही. शिटी होते ना."

ती धारच्या किल्ल्याजवळ राहते. १७७५ च्या जानेवारीत त्या किल्ल्यात आनंदीबाईंच्या पोटी दुसरा बाजीराव जन्मला तेव्हा राघोबादादा गुजरातेत होते. नवरा जागेवर नसल्याची तक्रार धारला जुनी आहे. जागेवर असून झोपलेल्या नवऱ्यासाठी शिटी न करता डाळ शिजवणं हे मात्र मी कोणत्या खणात लिहू? मी ते 'स्वयंपाक' खाली टाकते आणि दीड तास मांडते. फोनवरून दुरुस्ती येते: "दोन लिहा. पातेल्यात डाळ लवकर शिजते का?"

रात्री साडेनऊ. दादा लेकीची गणितं घेतोय, मन लावून, आवाज न चढवता. वहिनी ओटा पुसताहेत. वर बघून म्हणतात, "बंद पडलं वाटतं." स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेकंदकाटा एकाच जागी थरथरतोय.

दादा लगेच उठतो. ड्रॉवरमधून नवा सेल काढतो, घड्याळ उतरवतो, काचेवरचा तेलकट थर फडक्यानं पुसतो. मोबाइल समोर धरून काटे मिनिटावर आणतो, सेकंदाची वाट बघतो, सेल दाबतो. "एकदम करेक्ट," म्हणतो आणि भिंतीवर टांगतो.

तो गणिताकडे वळतो. वहिनी ओट्याचं फडकं पिळतात, वाळत टाकतात. मग हॉलमधलं वेण्यांचं स्टूल उचलून आणतात, त्यावर चढतात आणि घड्याळ उतरवून मागची किल्ली फिरवायला लागतात.