तुरा लवकर जमतो, अंडी नाहीत
(परसातली कोंबडी : लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात खुडूक कोंबडीखाली अंडी कशी निवडून ठेवायची ते पाहिलं. आज त्याच्या आधीचा प्रश्न घेऊ. त्या अंड्यांचा बाप कोण असावा आणि आई कोण? बहुतेक घरांत ही निवड डोळ्यांना दिसेल त्यावर होते. तांबड्या-काळ्या झुपकेदार शेपटीचा कोंबडा राखला जातो, काळ्याला भाव चांगला येतो म्हणून काळी पिल्लं राखली जातात. काही वर्षांनी खुराडं देखणं होतं, अंडी मात्र होती तेवढीच राहतात, कधी कधी घटतातही. याचं कारण असं, की तुरा, रंग आणि अंडी हे तीन गुण पुढच्या पिढीत तीन निराळ्या रीतींनी उतरतात. ही रीत कळली की कशासाठी किती वर्षं धीर धरायचा, हेही कळतं.

तुऱ्याचं गणित सगळ्यांत आधी उलगडलं. मेंडेलचे वाटाण्यावरचे निष्कर्ष १९०० साली पुन्हा उजेडात आले. ते नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे केंब्रिजच्या विल्यम बेटसन यांनी १९०२ साली दाखवून दिलं, आणि त्यासाठी त्यांनी कोंबड्यांच्या तुऱ्यांचा पुरावा दिला. आपल्या गावरान कोंबडीचा करवती दात्यांचा, उभा तुरा म्हणजे एकेरी तुरा. व्हायनडॉट जातीत तुरा चपटा, दाणेदार आणि मागे टोक निघालेला असतो, तो गुलाबतुरा. असील आणि ब्रह्मा या जातींत तीन बुटक्या रांगांचा, डोक्याला चिकटलेला वाटाणातुरा असतो. गुलाबतुऱ्याची आणि वाटाणातुऱ्याची शुद्ध जोडी लावली, तर पिल्लांना आईचाही तुरा येत नाही आणि बापाचाही नाही. येतो तो अक्रोडासारखा सुरकुतलेला, चौथ्याच प्रकारचा तुरा.

खरी गंमत पुढच्या पिढीत आहे. अक्रोडतुऱ्याच्या भावंडांचा आपसात संकर केला, की सरासरी सोळा पिल्लांमागे नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा आणि एक एकेरी तुऱ्याचं निघतं. घरात एकेरी तुरा कुणालाच नव्हता, आजी-आजोबांनाही नव्हता, मग हा आला कुठून? उत्तर असं, की तुऱ्याचा आकार दोन स्वतंत्र जनुकं ठरवतात. एक गुलाबाचं, एक वाटाण्याचं. दोन्ही आली की अक्रोड. दोन्हींपैकी एकही आलं नाही, तर उरतो तो एकेरी, म्हणजे रानकोंबडीचा मूळ तुरा. म्हणूनच एकेरी तुऱ्याच्या दोघांची पिल्लं कायम एकेरीच निघतात, पण गुलाबतुऱ्याच्या जोडीला एकेरी पिल्लू झालं तर बाहेरचा कोंबडा शिरल्याचा संशय घेण्याचं कारण नाही.

गुलाबतुऱ्यात एक खोच आहे. ज्या कोंबड्याला हे जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळालेलं असतं, त्याच्या शुक्राणूंची हालचाल मंद असते. फळ धरण्याचं प्रमाण घटतं आणि पोकळ अंडी वाढतात. निवड कितीही कडक केली तरी व्हायनडॉटमध्ये एकेरी तुरे अधूनमधून निघत राहतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. हा तुरा हवाच असेल, तर कळपात एकेरी तुऱ्याच्या दोन-चार कोंबड्या मुद्दाम ठेवाव्यात. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मोठा एकेरी तुराच बरा. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तो कोंबडीच्या कामी येतो.

रंगाचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. पांढऱ्या लेगहॉर्नचा पांढरा रंग जवळजवळ सगळ्या रंगांवर मात करतो. त्याची गावरान कोंबडीपासूनची पिल्लं पांढरीच निघतात, फार तर एखादा काळा ठिपका. इतर काही जातींचा पांढरा मात्र दबून राहणारा असतो. पण आपल्याकडे सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते कडकनाथचे, म्हणून तिथे जरा थांबू.

मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातल्या या कोंबडीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं वैशिष्ट्य पिसांच्या रंगापुरतं नाही. तुरा, कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, सगळ्यांत काळेपणा मुरलेला असतो. हा काळेपणा देणारं जनुक प्रबळ आहे, पण त्याला अडवणारं दुसरं एक जनुक असतं, आणि ते लिंगाशी जोडलेल्या गुणसूत्रावर बसलेलं असतं. कोंबडीला हे गुणसूत्र एकच मिळतं आणि तेही बापाकडून. कोंबड्याला दोन मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायांच्या गावरान पक्ष्यांत हा अडसर सहसा असतो, कडकनाथमध्ये नसतो.

आता जोडी लावून पाहा. कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची गावरान कोंबडी घेतली, तर मुलींना अडसर मिळतच नाही, त्या गडद काळ्या निघतात. मुलांना तो आईकडून मिळतो, त्यामुळे त्यांचा काळेपणा फिकट. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडा पिवळ्या पायांचा गावरान आणि कोंबडी कडकनाथ, तर मुलगे आणि मुली दोघंही फिकेच. बेटसन आणि त्यांचे सहकारी पनेट यांनी हीच गोष्ट काळ्या कातडीची सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न यांच्या संकरातून १९११ साली मांडली होती. गावरान कोंबडीचे पाय निळसर करडे असतील, तर तिच्याकडे बहुधा अडसर नसतो. मग मुलगेही काळे होतात. थोडक्यात, काळी दिसते म्हणजे कडकनाथ, असं अजिबात नाही. अशा संकरित कोंबड्यांच्या पुढच्या पिढीत सगळा रंग फुटतो. २०१९ साली पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथच्या नावावर अनेक शेतकरी फसवले गेले. त्यानंतर तरी पिल्लं घेताना त्यांचे आईबाप डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायांच्या पिवळेपणाचं मूळ आपल्या सह्याद्रीशी जोडलेलं आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण त्याची कातडी पिवळी नसते. पिवळ्या कातडीचं जनुक करड्या रानकोंबड्याकडून आलं असावं, हे २००८ साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. हा करडा रानकोंबडा म्हणजे कोकणाच्या आणि घाटमाथ्याच्या जंगलात पहाटे आरवणारा आपला रानकोंबडा. पिवळेपणा दबून राहणारा गुण आहे. पिवळ्या पायांच्या जोडीला पिवळ्याच पायांची पिल्लं होतात.

आणि हा पिवळा पाय अंड्यांचा हिशेब सांगतो. कोंबडी अंड्यावर आली की खाण्यातला पिवळा रंग बलकात जाऊ लागतो आणि अंगावरचा उतरू लागतो. आधी अंडं येतं त्या जागेची कड पांढुरकी पडते, मग डोळ्याभोवतीचं कडं, मग चोच मुळापासून टोकाकडे, आणि शेवटी, काही महिन्यांनी, पाय. एकाच वयाच्या, एकच दाणा खाणाऱ्या कोंबड्यांत जिचे पाय फिके, ती जास्त दिवस अंडी देत आली आहे. जिचे पाय हळदीसारखे पिवळेधमक, ती नुसती खाते आहे. कोंबडी काखेत धरून शेपटीखाली बोटं लावून बघा. दोन टोकदार हाडं लागतील. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर ती अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं मावलं तर नाही. तुऱ्यालाही हात लावा. अंड्यावरच्या कोंबडीचा तुरा लालभडक, मऊ आणि ऊबदार लागतो, बंद झालेलीचा सुकलेला. तुऱ्याचा प्रकार अंड्यांबद्दल काहीही सांगत नाही, त्याची अवस्था मात्र पुष्कळ सांगते.

अंड्यांची संख्या एका-दोघा जनुकांच्या हातात नसते. वयात कधी येणार, किती दिवस न चुकता घालणार, खुडूक किती वेळा बसणार, या प्रत्येक गोष्टीमागे अनेक जनुकं आहेत. शिवाय दाणा, उजेड, रोगराई यांचा वाटा आनुवंशिकतेपेक्षा मोठा. त्यामुळे एका भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीच्या सगळ्या मुली तशाच निघतील ही आशा खोटी ठरते. अंड्याचं वजन त्या मानानं लवकर सुधारतं. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते, त्याचं एक कारण तिचं खुडूक बसणं. डझन-दीड डझन अंडी, मग २१ दिवस उबवणं, मग पिल्लं सांभाळणं. लेगहॉर्न बसत नाही, म्हणून ती ३०० च्या घरात जाते. पण परसात उबवणी यंत्र नसतं. सगळ्याच कोंबड्यांचं खुडूकपण घालवलं तर पुढची पिढी काढणार कोण? चांगल्या आया म्हणून दोन-तीन खुडूक कोंबड्या राखा आणि अंड्यांसाठी निवड बाकीच्यांत करा.

सगळ्यांत मोठी चूक कोंबड्याच्या निवडीत होते. तो स्वतः अंडी देत नाही, पण कळपातल्या प्रत्येक पिल्लात निम्मा वाटा त्याचाच असतो. तेव्हा तो रुबाबावरून निवडू नका. त्याची आई आणि बहिणी किती अंडी देतात ते पाहा. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरतो. घरच्याच मुलींवर तो पिढ्यान्‌पिढ्या राहू देऊ नका. पिल्लं कमजोर होतात आणि अंडी पोकळ निघतात. कोंबडा बदलल्यावर लगेच अंडी बसवायला घेऊ नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं, त्यामुळे तीन आठवडे तरी अंडी खायला वापरा, मग बसवायला धरा.

परसातल्या कोंबड्या बहुतेक घरांत बायकाच बघतात, आणि कुठली कोंबडी कुठे अंडं घालते हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. हे ज्ञान कागदावर उतरवा. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाची रिंग घाला, जुन्या वहीत तिच्या नावाचं एक पान करा आणि अंडं मिळालं त्या दिवशी एक रेघ ओढा. संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंतच्या रेघा मोजल्याशिवाय एकही तलंग विकू नका आणि एकही कोंबडा राखू नका.

पुढच्या आठवड्यात मानमोडी आणि तिच्या लसीचं वेळापत्रक.