उघडता येईल असा फोन

सुधागड तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांचा कारभार पालीला येऊन मिळतो. तहसील कचेरी इथे, बाजार इथे आणि अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वरही इथलाच. या कारभाराचा मोठा हिस्सा आता मोबाइलवर आला आहे. बँकेचा ओटीपी, दुकानातली देवघेव, मुलांचा अभ्यास, अडीअडचणीला रुग्णवाहिका, सगळं त्या एका यंत्रावर अवलंबून असतं. त्याची चार्जिंगची पिन सैल झाली किंवा बॅटरी फुगली की घराचे व्यवहार अडतात. त्यात रायगडचा पाऊस सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि ओल ही फोनची जुनी वैरीण. म्हणून सुट्या भागांच्या, म्हणजे मॉड्युलर फोनचा विषय मला हौशी लोकांपेक्षा पालीसारख्या गावांच्या जास्त जिव्हाळ्याचा वाटतो.

पूर्वी फोन उघडणं सोपं होतं. १९९८ च्या नोकिया ५११० चं पुढचं रंगीत कव्हर कोणीही बदलत असे आणि बॅटरी तर नखाने निघायची. पुढे फोन पातळ झाले, काचेचे झाले आणि गोंदाने बंद झाले. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस-५ ची बॅटरी २०१४ मध्ये हाताने काढता येत होती. पुढच्याच वर्षीच्या एस-६ मध्ये ती आत बंदिस्त झाली.

याच काळात उलट दिशेचं एक स्वप्न लोकांपुढे आलं. सप्टेंबर २०१३ मध्ये डेव्ह हॅकेन्स या डच डिझायनरने ‘फोनब्लॉक्स’ नावाची कल्पना व्हिडिओतून मांडली. पडदा, कॅमेरा, बॅटरी, स्पीकर असे वेगवेगळे ठोकळे एका पाटीवर बसवायचे आणि बिघडेल तेवढाच ठोकळा बदलायचा. पुढच्याच महिन्यात मोटोरोलाने ‘प्रोजेक्ट आरा’ जाहीर केला. मोटोरोला तेव्हा गूगलच्या मालकीची होती. ती विकली गेल्यावरही गूगलने आरा स्वतःकडे ठेवला. एका सांगाड्यात मॉड्यूल सरकवायची, चुंबकाने धरून ठेवायची आणि अगदी साधा फोन पन्नास डॉलरच्या आसपास बसवायचा, असा बेत होता. २०१५ मध्ये पोर्तो रिकोत चाचणी-विक्री ठरली आणि रद्द झाली. मे २०१६ मध्ये दाखवलेल्या आवृत्तीत प्रोसेसर, पडदा आणि बॅटरी सांगाड्यातच कायमची बसवलेली होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये प्रकल्प बंद पडला.

कारण भौतिक होतं. प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचं कवच, स्वतःची जोडणी आणि जोडणीचं नियंत्रण लागतं. त्यात जागा जाते, वजन वाढतं आणि किंमतही. एकाच पट्टीवर सगळं दाटीवाटीने बसवलेला फोन त्यापेक्षा पातळ आणि स्वस्त पडतो. शिवाय ठोकळे बनवणाऱ्या कंपन्यांना पुरेसं गिऱ्हाईक मिळेल याची खात्री कोण देणार?

२०१६ मध्ये दोन कंपन्यांनी मधला मार्ग धरला. एलजीच्या जी-५ चा खालचा भाग खेचून काढता येत असे. तिथे कॅमेऱ्याची मूठ बसायची. पण बदलताना बॅटरी निघायची आणि फोन बंद पडायचा. वर्षभरात जी-६ आला, त्यात ही सोय नव्हती. मोटोरोलाच्या मोटो झेडच्या पाठीवर चुंबकाने स्पीकर, प्रोजेक्टर, हॅसलब्लॅडचा झूम कॅमेरा चिकटायचा. हा फोन भारतातही आला. पण जुनी मॉड्यूल नव्या फोनला बसावीत म्हणून कंपनीला पाठीचा आकार बदलता येईना. काही वर्षांत ती मालिकाही थांबली.

या साऱ्यांनी फोनला नवी करामत जोडण्यावर भर दिला. अॅमस्टरडॅमच्या फेअरफोन कंपनीने वेगळा प्रश्न विचारला: जे आहे ते दुरुस्त कसं होईल? तिच्या फेअरफोन २ चे पडदा, बॅटरी, कॅमेरा हे भाग ग्राहकाला घरीच बदलता येत. २०१५ मध्ये आलेल्या या फोनला मार्च २०२३ पर्यंत सॉफ्टवेअरची साथ मिळाली. २०२० मध्ये कंपनीने सुधारित कॅमेरे काढले, तर ते आदल्या वर्षीच्या फेअरफोन ३ मध्येही बसत. मॉड्युलर फोनचं खरं यश मला इथे दिसतं. सायकलची ट्यूब पंक्चर झाली म्हणून कोणी सायकल भंगारात घालत नाही. फोनबाबत हाच साधा न्याय फेअरफोनने लावला.

फेअरफोन भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. इथल्या बाजारात या कल्पनेची छोटी झलक जुलै २०२४ मध्ये आली. नथिंग कंपनीच्या सीएमएफ फोन १ चं पाठीचं कव्हर स्क्रू काढून बदलता येतं, कोपऱ्यातल्या चकतीच्या जागी स्टँड किंवा दोरी लावता येते. सुरुवातीची किंमत १५,९९९ रुपये होती. मात्र बदल बाहेरच्या साजापुरता आहे. बॅटरी काढणं अजून कारागिराचंच काम.

आपल्याकडे ते कारागीर आहेत, हे आपलं भाग्य. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तापकीर गल्ली इथून सुटे भाग निघतात आणि तालुक्याच्या गावातल्या छोट्या टेबलापर्यंत पोचतात. फोल्डर (पडद्याचा संच) बदलणं, सब-बोर्ड (चार्जिंगची छोटी पट्टी) टाकणं, पिन डाग देऊन बसवणं हे कौशल्य तिथे हाताने शिकलेलं असतं. त्यांची अडचण भागांची असते: ओरिजिनल मिळत नाही, कॉपी टिकत नाही, आणि गोंद सोडवताना काच तडकते.

कायदा आता या बाजूने हलू लागला आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन विकताना दुरुस्ती-निर्देशांक, म्हणजे तो किती सहज दुरुस्त होतो याचे गुण, दाखवणं सक्तीचं केलं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग पुरवावे लागतात. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, मोबाइल हे तिच्या चार क्षेत्रांपैकी एक. गरज उघड आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला.

या दिवाळीत नवा फोन घेणार असाल, तर कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी तीन गोष्टी विचारा. बॅटरी बदलायला किती खर्च येतो? ओरिजिनल पडदा आणि चार्जिंगचा भाग जवळपास कुठे मिळतो? सॉफ्टवेअर किती वर्षं येत राहणार? दुकानदाराकडे उत्तर नसेल, तर तो प्रश्न कंपनीपर्यंत जाईल एवढ्या वेळा तो विचारला गेला पाहिजे. ठोकळ्यांचा फोन बाजारात टिकला नाही, तरी दुरुस्त होणारा फोन मागण्याचा हक्क गिऱ्हाइकाचाच आहे, आणि पालीच्या गिऱ्हाइकाने तो मुंबईकराइतकाच ठामपणे बजावावा.