कॅप्टनला अडवायचे कोणी?

लस पोहोचवायची आहे. दूरच्या एका वसाहतीत तिची वाट पाहणारे लोक आहेत, ती घेऊन येणारे दुसरे यान ठरल्या जागी थांबलेले आहे, आणि लस फार दिवस टिकणारी नाही. एंटरप्राइज यानाचा कॅप्टन कर्क मात्र तिकडे जायला तयार नाही. त्याला एक ढग सापडला आहे, माणसांचे रक्त शोषणारा. अकरा वर्षांपूर्वी याच ढगाने फॅरागट नावाच्या यानावरची दोनशे माणसे मारली होती. तेव्हा तरुण अधिकारी असलेला कर्क तोफेपाशी बसला होता आणि गोळा डागताना क्षणभर कचरला. तो क्षण त्याच्या डोक्यातून गेलेला नाही. आता ढग संपल्याशिवाय तो हलणार नाही. लस नासली तरी चालेल, सोबतची आणखी माणसे गेली तरी चालेल.

'स्टार ट्रेक'चा हा भाग अमेरिकेत डिसेंबर १९६७ मध्ये दाखवला गेला. ऐंशीच्या दशकात ही मालिका आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची. टोकदार कानांचा स्पॉक त्या पिढीला आठवतो. गोष्टी बहुतेकांच्या विस्मरणात गेल्या असतील, पण ही एक गोष्ट पुन्हा काढून पाहण्यासारखी आहे. अवकाशविज्ञान तिच्यात फारसे नाही. 'साहेबाने एखादी गोष्ट डोक्यात घेतली की हाताखालच्यांनी काय करायचे?' हा प्रश्न तिच्यात आहे, आणि तो विचारायला अवकाशात जावे लागत नाही.

या गोष्टीचे मूळ समुद्रात आहे. हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' ही कादंबरी १८५१ ची. पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा सूड घ्यायला निघालेला कॅप्टन एहॅब अख्खे जहाज बुडवतो आणि एकच खलाशी वाचतो. टीव्हीवरच्या अवकाश-मालिकांनी हे कथानक इतक्या वेळा उचलले आहे की त्याची स्वतंत्र जातच झाली आहे. मला त्यात एहॅबपेक्षा त्याचा दुय्यम अधिकारी स्टारबक महत्त्वाचा वाटतो. एका रात्री तो झोपलेल्या एहॅबच्या दाराशी बंदूक हातात घेऊन उभा राहतो. एक गोळी आणि सगळे खलाशी घरी जातील, हे त्याला कळते. तो बंदूक जागेवर ठेवून परत फिरतो. भला माणूस आहे, शिस्तीचा आहे, आणि त्याच्याजवळ दोनच मार्ग आहेत: खून करणे किंवा गप्प बसणे.

टेलिव्हिजनने यात भर घातली ती तिसऱ्या मार्गाची. कर्कचा दुय्यम अधिकारी स्पॉक आणि यानावरचा डॉक्टर मॅकॉय त्याच्या खोलीत जातात. डॉक्टर सांगतो, की मी वैद्यकीय नोंदवहीत तुमच्याबद्दल नोंद करतो आहे, स्पॉक साक्षीदार आहे, तुमच्या वागण्याचा खुलासा द्या. दोघेही कर्कचे जिवलग आहेत, तरी मैत्रीच्या नात्याने समजावण्यावर भागवत नाहीत, नियमाने विचारतात. कॅप्टनची मनःस्थिती ठीक नाही असे डॉक्टरने ठरवले, तर त्या यानावर कॅप्टनला पायउतार व्हावे लागते.

हा नियम कागदावर असून भागत नाही, हेही याच मालिकेने दोन महिने आधी दाखवले होते. 'द डूम्सडे मशीन' या भागात कमोडोर डेकर हा वरिष्ठ अधिकारी आहे. ग्रह गिळत जाणाऱ्या एका प्रचंड यंत्रापासून वाचवायला त्याने आपली चारशे माणसे जवळच्या ग्रहावर उतरवली, आणि यंत्राने तोच ग्रह फोडला. अपराधाच्या भाराने पिसाट झालेला डेकर हुद्द्याच्या जोरावर एंटरप्राइजचा ताबा घेतो आणि चारशेहून अधिक जणांचे ते यान त्या यंत्रावर घालतो. मॅकॉय म्हणतो, मी आत्ता लिहून देतो, हा माणूस ठिकाणावर नाही. स्पॉक विचारतो, तपासणीचा अहवाल कुठे आहे? अहवाल नाही, तपासणीला वेळच मिळालेला नाही, म्हणून ताबा डेकरकडेच राहतो. आपल्याकडच्या कुठल्याही कार्यालयात हा प्रसंग ओळखीचा वाटेल. शेवटी दुसऱ्या यानावर अडकलेला कर्क संदेशातून स्वतःच्या जबाबदारीवर हुकूम देतो, तेव्हा स्पॉक डेकरला खुर्चीवरून उठवतो. डेकर मग एकटाच छोटे यान घेऊन त्या यंत्राच्या तोंडात शिरतो. स्वतःपुरती किंमत त्याने मोजली. प्रश्न बाकीच्या चारशे जणांना ओढण्याचा होता.

डेकरची गोष्ट कर्कच्या गोष्टीहून प्रामाणिक आहे, असे माझे मत. कर्कच्या भागात लेखकाने लबाडी केली आहे: ढग खरोखरच पिल्ले घालण्याच्या बेतात निघतो, म्हणजे पाठलाग योग्यच ठरतो, आणि लसही वेळेत पोहोचते. नायक पुढच्या आठवड्यात परत हवा असतो ना! तरी त्यात एक तपशील बोचरा आहे. शेवटी कळते, की त्या ढगावर ती तोफ चालतच नाही. कर्क अकरा वर्षांपूर्वी कचरला नसता तरी फरक पडला नसता. ज्या चुकीने त्याला झपाटले, ती चूक नव्हतीच.

मराठी वाचकाला इथे नेसरी आठवल्याशिवाय राहणार नाही. १६७३ मध्ये उमराणीला सरनौबत प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडले आणि शरण येताच सोडून दिले. खान पुन्हा उलटला. शिवाजी महाराजांनी खरमरीत शब्दांत कानउघाडणी केली. खानाचा निकाल लावल्याशिवाय तोंड दाखवू नका, असा तिचा आशय परंपरेने सांगितला जातो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. त्याच वर्षीच्या इंग्रज पत्रव्यवहारात प्रतापराव आणि आणखी सहा स्वार पडल्याची नोंद आहे, आणि मागच्या सैन्याची मदत पोहोचली नाही, असेही त्यात म्हटले आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेने ती दौड घराघरांत नेली. शौर्याबद्दल वाद नाही. पण तीन महिन्यांवर राज्याभिषेक आलेला असताना स्वराज्याने सेनापती गमावला, आणि त्या सहांपैकी कोणी घोड्याचा लगाम धरून 'सरनौबत, फौज येऊ द्या' म्हटले का, हे कोणत्याही कागदात नाही. त्या सहांची म्हणून सांगितली जाणारी नावेसुद्धा समकालीन कागदांतून पक्की होत नाहीत. अवकाश-मालिकांतही असेच चालते. पहिल्या दहा मिनिटांत मरणाऱ्या लाल सदऱ्याच्या शिपायाचे नाव प्रेक्षकाला आठवत नाही.

कॅप्टनला अडवायचे कोणी, या प्रश्नाची सर्वांत बारकाईने लिहिलेली आपल्याकडची गोष्ट मात्र थेट वाशिमकडे बोट दाखवते. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमलाच मिळाला. जवळच्या हिस्से बोराळ्याला देवसेन राजाच्या काळचा शके ३८० चा, म्हणजे साधारण इसवी सन ४५८ चा, शिलालेख सापडला. सुदर्शन नावाच्या तलावाची नोंद त्यात आहे. देवसेनाचा मुलगा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवले. त्या लेण्यातल्या लेखात देवसेनाबद्दल एक गमतीचा उल्लेख आहे: राज्याचा भार हस्तिभोज या मंत्र्यावर टाकून राजा निश्चिंत झाला आणि सुखोपभोगात रमला. लिहिणाऱ्याने ते कौतुकाने लिहिले आहे. मंत्री खमका होता, म्हणून राजाची चैन राज्याला बाधली नाही.

हरिषेणानंतर मात्र वाकाटकांचा मागमूस लागत नाही. सुमारे दोन शतकांनी, दूर दक्षिणेत कांचीच्या बाजूला, दंडी या संस्कृत गद्यकाराने 'दशकुमारचरित' लिहिले. त्याच्या आठव्या उच्छ्वासात, म्हणजे प्रकरणात, विदर्भाच्या एका राज्याच्या नाशाची कथा आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मत मांडले, की ही कथा वत्सगुल्माच्या वाकाटकांच्या अस्ताची आठवण आहे: कथेतला सद्गुणी पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण, आणि त्याचा मुलगा अनंतवर्मा म्हणजे बुडालेला शेवटचा राजा. अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी आपली कालगणना मांडताना या कथेचा मोठा आधार घेतला. सगळ्या इतिहासकारांना हे पटलेले नाही, आणि कथा ही कथाच. पण ती वाचताना मला एंटरप्राइजचा नियंत्रणकक्ष दिसतो.

अनंतवर्मा मठ्ठ नाही. बुद्धिमान आहे, कलांत पारंगत आहे, फक्त राजनीतीचा त्याला कंटाळा. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला एकांतात सांगतो, की बाकी सगळे आहे, हे तेवढे शिका. राजा ऐकतो, मानही डोलावतो, आणि अंतःपुरात जाऊन ही गोष्ट बोलून दाखवतो. तिथे विहारभद्र आहे. गाण्यात, विनोदात, चेष्टेत हुशार, राजाचा लाडका. तो राजनीतीची अशी टर उडवतो की आजही हसू येते. चाणक्याचे सहा हजार श्लोक पाठ होईपर्यंत म्हातारपण येणार. मग दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ भाग, प्रत्येक भागाला एक काम, जेवतानाही विषाची भीती, झोपेला जेमतेम वेळ. चाणक्याने पैसे खाण्याच्या चाळीस रीती सांगितल्या. अधिकारी त्यांच्या हजार करतात. ज्यांना हे शास्त्र येते त्यांना तरी कुठे सुख लागले आहे?

गंमत अशी, की यातले बरेचसे खरे आहे. दंडीने सर्वांत चमकदार भाषण या खुशमस्कऱ्याच्या तोंडी घातले, आणि तिथेच तो कथाकार म्हणून अमेरिकन मालिकांच्या पुढे जातो. कर्कच्या नियंत्रणकक्षात विहारभद्र नाही. तिथे सगळे सज्जन, सगळे कॅप्टनच्या काळजीने व्याकूळ. प्रत्यक्षात झपाटलेल्या नेत्याभोवती त्याचा नाद पोसणारी माणसे असतात, आणि ती बहुधा मंत्र्यांपेक्षा बोलकी असतात.

मग शेजारच्या अश्मक राज्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित, बापाने हाकलून दिल्याचे सोंग घेऊन, दरबारात येतो. शिकारीसारखा व्यायाम नाही, जुगाराने मन मोठे होते, असे तो राजाला पटवतो. राजा शिकारीला, तर प्रजाही शिकारीला. अश्मकाचे हेर सैनिकांना शिकारीच्या मिषाने सुक्या गवताच्या दऱ्यांत नेतात आणि वणवा लावतात. तहानेल्यांना आडरानात पाठवतात, वाघाच्या तोंडी देतात. सैन्य लढाईआधीच अर्धे संपते. नंतर वनवासीचा राजा भानुवर्मा चालून येतो, आपलेच मांडलिक फितूर होतात, अनंतवर्मा मरतो, आणि अश्मकाचा राजा वसंतभानू सगळे घशात घालतो.

या सगळ्यात वसुरक्षित काय करतो? राजा आता आपल्याकडे प्रेमाने पाहत नाही, मनातले बोलत नाही, ही लक्षणे तो एकेक करून मोजतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा धनी, सोडून जाववत नाही. ठोकर बसली की शिकेल कदाचित, असे स्वतःला समजावतो, आणि ठरवतो, की जीभ आवरावी, पद सांभाळून राहावे. राज्य बुडाल्यावर तो राणीला आणि मुलांना घेऊन निघतो. निष्ठेत कमतरता नाही. पण मॅकॉयच्या हाती नोंदवही होती, वसुरक्षिताच्या हाती फक्त उपदेश होता, आणि उपदेशाचे हसे करायला विहारभद्र एकटा पुरला.

नंतरच्या मालिका या बाबतीत अधिक निबर झाल्या, हे चांगलेच झाले. 'डीप स्पेस नाइन'च्या १९९७ मधल्या एका भागात कॅप्टन सिस्को एका फितुराला पकडण्यासाठी बंडखोरांच्या वसाहतीचे हवामान विषारी करतो. एकही सहकारी त्याला अडवत नाही. २००४ च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'त सेनानी अडामा एका हरवलेल्या वैमानिकेसाठी उरलेल्या मानवजातीचा ताफा धोक्यात घालतो, तेव्हा त्याला जाब विचारते ती राष्ट्राध्यक्ष रोझलिन. ती आधी शिक्षणमंत्री होती, गणवेशातली नव्हती, म्हणूनच तिला ते जमले.

आपल्याकडे मिलिंद सोमणची 'कॅप्टन व्योम' ही अवकाश-मालिका दूरदर्शनवर आली ती १९९८ साली. तेव्हापासून मराठी वाहिन्या शेकड्याने मालिका करत आल्या, पण यानावरची एक दमदार मराठी मालिका काही माझ्या पाहण्यात आली नाही. विज्ञानकथा आपल्याला नवी नाही. नारळीकर, फोंडके, लक्ष्मण लोंढे यांनी ती मासिकांतून रुजवली. तेव्हा निर्मात्यांना एक विनंती. कथानक शोधायला अमेरिकेला जाऊ नका, दशकुमारचरिताचा आठवा उच्छ्वास उघडा. यानाचे नाव वत्सगुल्म ठेवा, अनंतवर्म्याला कॅप्टन करा, विहारभद्राची भूमिका सर्वांत चांगल्या नटाला द्या. फक्त वसुरक्षिताला खोकणारा, जपमाळ ओढणारा म्हातारा करू नका. त्याच्या हाती एक नोंदवही द्या, आणि तो ती उघडतो की नाही, यावर पहिला भाग संपवा.