शिंपी की वटवट्या?

लहान पक्षी रंगावरून ओळखू जाणारा मनुष्य हमखास फसतो. बाभळीत अंगठ्याएवढे काहीतरी हलते. एक म्हणतो, "हिरवट होते"; दुसरा म्हणतो, "छे, मातकट." ऊन बदलले की दोघेही खरे.

आपल्या कुंपणावरचाच दाखला घ्या. शिंपी आणि राखी वटवट्या हे दोघेही चिमणीहून लहान, दोघेही शेपटी उभी धरून नाचणारे. घरट्यावरूनही निवाडा होत नाही. पाने शिवण्याबद्दल शिंपी गाजला खरा, पण राखी वटवट्याही कित्येकदा टाके घालून पाने जोडतो. (नावाचा मान मात्र एकट्याला!) शिंप्याचा माथा तांबूस, पाठ हिरवट, पोट पांढुरके. वटवट्याचे डोके व पाठ राखी, पोट बदामी. परंतु हा वर्षातून दोनदा पिसे बदलतो आणि हिवाळ्यात राखी रंग तपकिरीकडे झुकतो. तेव्हा कान उघडे ठेवावे. वटवट्या दचकून उडाला की ठिणगी उडावी तसा चट्‌चट् आवाज होतो. शिंपी तसे करीत नाही. तो इवल्या देहाला न शोभेल एवढ्या मोठ्याने 'टुविट् टुविट्' ओरडत राहतो.

खरी परीक्षा हिवाळी पाहुण्यांची. हिरवट पर्णवटवट्या सप्टेंबरपासून आपल्याकडे येऊ लागतो आणि झाडांच्या पानापानांतून किडे टिपत हिंडतो. त्याच्या पंखावर एक फिकट पट्टी असते, पण पिसे झिजली की तीही पुसट होते. याच्या भाऊबंदांनी भल्याभल्यांना चकविले आहे. इंग्लंडात एकच समजल्या जाणाऱ्या अशा पक्ष्यांच्या तीन जाती आहेत, हे सेलबोर्नचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली लिहिले, ते मुख्यतः त्यांचे निरनिराळे आवाज ऐकूनच.

आज हौशी मंडळींच्या नोंदींवरून कोणता पक्षी कोठे घटला याचे अंदाज बांधतात. म्हणून अंदाजाने नाव लिहिणे म्हणजे सभेला न आलेल्याची हजेरी मांडणे. कामगार चळवळीत मी ते करू दिले नाही, येथेही करीत नाही. माझ्या वहीत एप्रिलमधली एक नोंद आहे: "पिंपळ, सकाळी सात, पर्णवटवट्या, पट्टी दिसली नाही, बोलला नाही." पुढची जागा कोरी आहे.